हात बिघडला

“वाकडी,” मास्तर म्हणाले आणि काठी लाल पेटीत टाकली.

पुढची उचलली. गुळगुळीत दगडी लादीवर ठेवून तळहाताने हलकेच लोटली आणि ती गडगडत जाताना पोटाखालून उजेड दिसतोय का ते पाहिलं. नाही दिसला. मग हातावर जोखली, काट्यावर ठेवली आणि पुढे सरकवली. तोवर तिसरी काठी पट्ट्यावरून समोर आली होतीच.

कारखान्यात त्यांना वाकडेमास्तर म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. दिवसभर तोंडी तोच एक शब्द, म्हणून कोणीतरी चिकटवलं आणि ते कायमचं चिकटलं. पूल खेळायच्या काठ्या, खेळणाऱ्यांच्या भाषेत क्यू, इथे ढिगाने निघत. लाकूड भट्टीत वाळे, यंत्रातून सोलून निघे, मुठीवर नक्षीचा कागद चिकटे, वर चकाकी चढे आणि माल मास्तरांपुढे येई. मास्तरांची खुर्ची दोन सरकत्या पट्ट्यांच्या बेचक्यात होती. उठायचं तर पट्टा थांबवावा लागे आणि पट्टा थांबला की सुपरवायझरच्या खोलीत घंटा वाजे. लघवीला जाणं म्हणजे जाहीर कार्यक्रम. मास्तर पाणीच कमी पीत.

“मग, कधी सोडताय?” शेजारच्या पॅकिंगवालीने विचारलं.

“या महिन्यात. नक्की.”

“हे मी लागले त्या दिवसापासून ऐकतेय हो.”

“या वेळी खरंच. रविवारी वकीलबाई येताहेत काठी न्यायला. त्यांना पसंत पडली की सोमवारी राजीनामा.”

“घोडामैदान जवळच आहे,” ती म्हणाली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली. तिचं हसणं वाईट नव्हतं. पण मास्तरांना ते लागलं.

कारखान्यात येण्याआधी मास्तर घरामागच्या खोलीत स्वतः काठ्या घडवत. वडिलांचाच धंदा. लाकूड ओबडधोबड कापायचं आणि टांगून ठेवायचं. त्याला जिकडे वळायचं तिकडे वळू द्यायचं, मग जरासं तासून पुन्हा टांगायचं. घाई केली की लाकूड पुढे कधीतरी सूड घेतं, असं वडील म्हणत. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला उभं करून, वाकायला लावून बघायचं. हात केवढा, खांदा कसा, माणूस धसमुसळा की सावध. वजन मात्र काट्यावर बघायचं नाही. काटा दुकानदाराचा, कारागिराला हात पुरे, ही घरची रीत. काठी हातात घेत जायचं आणि लेथवर फिरवून थोडी थोडी तासत, वजन उतरवत जायचं. हात ‘बास’ म्हणाला की थांबायचं.

मग दुकानांत तयार काठ्या आल्या. त्या स्वस्त होत्या, सरळ होत्या आणि खोटं कशाला बोला, वाईटही नव्हत्या. शंभरातल्या नव्वदांना चालायच्या. उरलेल्या दहांसाठी सहा-सहा महिने थांबायला कोणाला सवड होती? गिऱ्हाईक आटलं. कारखान्याला वाकडेपणा ओळखणारा डोळा हवा होता, तो मास्तरांकडे होता. “तात्पुरतं आहे,” ते बायकोला म्हणाले होते. तेव्हा थोरली मुलगी शाळेत जायची. आता ती स्वतः आई झाली होती आणि लेथवर कपडे वाळत होते.

अशात वकीलबाई आल्या. त्या जुन्या गिऱ्हाईक. कोर्टातून सुटल्या की क्लबात जाऊन दोन डाव खेळायचे, हा त्यांचा एकुलता एक छंद. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं.

“तुमची जुनी काठी जड वाटायला लागली, मास्तर. म्हणून दुकानातून नवी आणली. पण चार डाव झाले की खांदा असा ठणकतो! डॉक्टर म्हणतात, खेळ सोडा. आता खेळ सोडला तर घरात कोणाशी भांडू?”

मास्तरांनी त्यांना वाकायला लावलं, चहूबाजूंनी फिरून पाहिलं. काय हवं ते त्यांना लख्ख कळलं. काठी हलकी हवी आणि असेल ते वजन मागे, मुठीकडे हवं, म्हणजे पुढचं टोक खांद्याला उचलावं लागणार नाही.

“क्लबातले चौघं वाट बघताहेत हं,” जाताना बाई म्हणाल्या. “माझी जमली की तेही येणार.”

चार काठ्या म्हणजे वर्षभराचं काम. मास्तरांनी त्याच संध्याकाळी लेथ मोकळा केला.

“अहो, ओले आहेत ते!” बायको ओरडली.

“दुसरीकडे घाल. आता इथे काम चालणार.”

तिने कपडे खांद्यावर घेतले. कितीतरी वर्षं ती हे वाक्य ऐकण्यासाठी थांबली होती, पण चेहऱ्यावर तसं दाखवेल तर ती कसली! “बघू किती दिवस चालतं,” एवढंच म्हणाली. नंतर मात्र तिने त्या खोलीतले माळ्यावरचे डबे, मोडकी खुर्ची, सगळं न सांगता हलवलं.

जुनं, मुरलेलं लाकूड शिल्लक होतंच. मास्तर सुट्टीच्या दिवशी ते तासत. हातावर जोखत, पुन्हा तासत. एकदा बायको स्वयंपाकघरातला काटा घेऊन आली. “यावर बघा ना, चटकन कळेल.”

“बाबांनी जन्मात काटा लावला नाही.”

“बरं बाई. राहिलं.”

एका रविवारी हात ‘बास’ म्हणाला. काठी तळहातात अशी बसली की मास्तरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनीही हात चुकला नव्हता.

ठरल्या रविवारी बाई आल्या, खांद्याला काठीची पिशवी लटकवून. पॉलिश अजून बाकी होतं. माणसाच्या हातात बसल्याशिवाय काठीला पॉलिश लावायचं नाही, ही दुसरी रीत. बाईंनी काठी घेतली, कामाच्या बाकावर वाकल्या, मागेपुढे करून नेम धरला.

“वा! छानच आहे हो. नवी वाटतच नाही. अगदी सवयीची वाटते.”

बायकोने दारातून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसले. बाई आणखी थोडा वेळ नेम धरत राहिल्या आणि मग त्यांचा डावा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला.

मास्तरांचं हसू तिथेच थांबलं.

“बाई, तुमची ती दुकानातली बघू.”

त्यांनी ती एका बोटावर तोलली. मग आपली तोलली. दोन्ही एकाच जागी तोलून राहिल्या. मास्तर बराच वेळ त्या जागेकडे बघत उभे होते.

“काटा आण गं,” ते म्हणाले.

बायकोने आणला. एक काठी ठेवली, काढली, दुसरी ठेवली. काटा त्याच रेघेवर.

“म्हणजे काय झालं?” बाईंनी विचारलं.

“हात बिघडला माझा,” मास्तर म्हणाले. “दिवसभर तुमच्या या दुकानातल्यासारख्या, एकाच वजनाच्या काठ्या उचलतो ना. त्याला आता तेवढंच बरोबर वाटतं. मी तुमच्यासाठी हलकी करायला बसलो होतो, बाई. देवाशप्पथ. आणि कारखान्याचीच करून ठेवली.”

“अहो, पण मला चालेल. इतक्या सुंदर लाकडाची आहे.”

“तुमच्या खांद्याला नाही चालणार.”

मास्तरांना वाटलं, या बायांनी आता जावं आणि आपल्याला एकट्याला सोडावं. पण गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्यांनी काठी लेथवर चढवली.

“तुम्ही इथे बसा. आज माझ्या हाताला विचारायचं नाही. तुम्ही सांगायचं.”

त्यांनी मुठीचा पुढचा भाग थोडा तासून उतरवला आणि काठी बाईंना दिली. बाई वाकल्या, मान हलवली. पुन्हा उतरवला. लेथची घरघर, भुसा, बायकोने आणलेला चहा तसाच थंड. मध्येच मास्तरांना वाटलं, आता फार होतंय, नासली काठी. हात थांब थांब म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही.

“थांबा,” बाई एकदम म्हणाल्या. नेम धरला, पुन्हा धरला. त्यांचा चेहराच बदलला. “मास्तर, खांदा आहे की नाही तेच कळत नाहीये!”

मास्तरांनी काठी परत घेतली. त्यांच्या हाताला ती भलतीच वाटली. पोकळ, मागे लोंबणारी. पट्ट्यावरून आली असती तर न बघता लाल पेटीत टाकली असती. त्यांनी लेथ फिरता ठेवून चिंधीने तेल चोळलं, मूठ चमकवली आणि काठी दोन्ही हातांनी बाईंना दिली.

“त्या चौघांना उद्याच पाठवते,” बाई आनंदाने म्हणाल्या.

“नको, बाई.”

“का? जमली की!”

“तुमचं दुखत होतं म्हणून तुम्हाला कळलं. ज्याचं काही दुखत नाही, त्याला कोण सांगणार थांबा म्हणून? ते माझं काम होतं.”

काठी उराशी धरून बाई बाहेर पडल्या. गल्लीच्या वळणावर त्यांनी मागे वळून हात उंचावला, तोही उजवा.

बायको लेथभोवतीचा भुसा झाडत होती. बराच वेळ झाडून झाल्यावर तिने विचारलं, “मग? उद्या सांगणार ना कारखान्यात?”

“उद्या सोमवार. पट्टा चालू होणार,” मास्तर म्हणाले.

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. आत जाऊन त्यांचा कारखान्याचा सदरा पलंगावर पसरला आणि कॉलरपासून इस्त्री करायला घेतली.