ओट्यावरचं नेट

अण्णांचा तेरावा झाला आणि मी अंबडच्या घरातला राउटर बदलायचं ठरवलं. जुन्याला पासवर्डच नव्हता. "चोरून नेण्यासारखं काय हाय त्यात?" असं अण्णा म्हणत. पण आता आई एकटी राहणार होती, मी पुण्याला परतणार होते. दाराशी कॅमेरा बसवायचा, तर वाटेल त्याचा फोन आपल्या नेटवर नको, असं मला वाटलं.

जालन्याच्या दुकानात ओमप्रकाशशेठनी विचारलं, "घर केवढं, ताई?"

"चार खोल्या. भिंती दगडी. आणि फायरवॉल चांगली हवी, बाहेरच्या कोणाचा फोन जोडला जायला नको."

"ती ह्याच्यातच असती, येगळं डबडं घेऊ नका. आमचं गिऱ्हाईक एकच विचारतं, गोठ्यापर्यंत रेंज जाईल का. बाहेर जाऊ नये म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

त्यांनी दाखवलेल्या दोन राउटरपैकी मी कडक तो निवडला. आपण परवानगी दिलेले फोनच तो आत घेतो. घरी येऊन आईचा फोन, माझा फोन आणि कॅमेरा जोडला. बाकी सगळं बंद.

दुपारी आमच्या ओट्यावर शेजारच्या बायका बसत. कोणी सासरी गेलेल्या लेकीशी व्हिडिओवर बोले, कोणी कीर्तन लावी. सुतकात आमची चूल बंद होती, तेव्हा भाकरी-पिठलं ह्याच बायकांच्या घरून येत होतं. राउटर बसला त्या दुपारी शिवकन्यावहिनी आल्या, फोन इकडेतिकडे धरून पाहिला आणि लवकर उठल्या. दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही. त्यानंतरही नाही. आई चटई टाकून बसे आणि रस्त्याकडे बघत नसल्याचं दाखवी.

"आज बी कोणी आलं न्हाई," ती म्हणाली. "माझं काही चुकलं का गं?"

मी उठले. आत जाऊन कॅमेरा कसा चालतो ते पाहिलं. चित्र अगदी स्वच्छ होतं. ओटा, चटई आणि आई.

मी शेजारी गेले, तेव्हा शिवकन्यावहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. मला बघून त्याच ओशाळल्या.

"रोज निघून राह्यले, ताई, पण पाय उचलंना. अण्णांच्या माघारी नेट बंद झालं वाटतं. दुःखाच्या घरी ते विचारावं कसं? अन् न विचारता येऊन बसावं, तर आधी नेटसाठीच येत होतो असं दिसतं."

मान हलवून परतले असते, तरी निभलं असतं.

"बंद झालं नाही, वहिनी. नवीन राउटर आणला. तुमचे फोन मीच बाहेर ठेवले."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "बराबर केलं," त्या म्हणाल्या. "आजकाल कोणाचं काय सांगावं." हा टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

"फोन द्या, जोडून देते."

"राहू द्या आता."

दुसऱ्या दुपारी त्या आल्या. सोबत आणखी दोघी, ओच्यात तुरीच्या शेंगा. आई सरकून बसली.

"मोबाइल कुठं हाय गं तुमचे?"

"घरी ठेवले, काकू. बोलायला आलोत."

"मंग बोला की. तोंड बी घरीच ठेवलं का?"

चौघी हसल्या. अण्णा गेल्यापासून आईला मी पहिल्यांदा हसताना ऐकलं.

मी आत जाऊन राउटरवरची परवानगीची अट काढून टाकली. बाहेर आता कोणाला नेटची गरज नव्हती. मग चहा केला, आणि तो घेऊन दाराच्या आत बराच वेळ उभी राहिले.