मौनाचे दोन तास

कोरिनला त्या रविवारी सकाळपासूनच धाकधूक होती. तिच्या सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या त्या मानाच्या मंडळात, यंदा अकरा नव्या मुली उमेदवारी करत होत्या आणि त्यांना सांभाळायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. मागच्या वर्षी रॅगिंगवरून मंडळाला शेवटची ताकीद मिळाली होती. म्हणून कोरिननं जुन्या प्रथांना एकेक करून कात्री लावली. दारू बंद. डोळ्यांवर पट्ट्या बंद. थोरल्यांचे कपडे धुणं बंद. उरलं ते फक्त मौन. दुपारी तळघरात दोन तास न बोलता बसायचं आणि मंडळाचा इतिहास पाठ करायचा. फोन आणि पिशव्या वर ठेवायच्या. एखादी बोलली किंवा उठली, तर सगळ्यांचेच दोन तास पुन्हा पहिल्यापासून.

"दार उघडंच आहे," तिनं बजावलं होतं. "जिला जायचंय तिनं खुशाल जावं."

एवढं बोलून तिनं स्वतःची समजूत घातली होती. यात रॅगिंग कुठं आलं? कुणी कुणाला बोटसुद्धा लावत नव्हतं!

थोरल्यांनी नव्यांना फसवून बोलतं करायचं, ही त्यातली गंमत. अध्यक्ष ग्रीअरला त्याची भारी हौस. दीड तास होत आला तशी ती जिन्यात येऊन ओरडली, "संपलं गं मौन! पिझ्झा आलाय, चला!" मारिसोल नावाची मुलगी आनंदानं "हुर्रे!" म्हणून गेली, आणि घड्याळ शून्यावर आलं. पिझ्झाबिझ्झा काही नव्हताच. बाकीच्यांनी मारिसोलकडे असं काही पाहिलं की तिनं जी मान खाली घातली, ती वर केलीच नाही. ग्रीअरची हसून हसून पुरेवाट झाली. कोरिनही हसली, जरा उशिरा.

त्याला तास उलटला असेल. कोरिन वर स्वयंपाकघरात होती, तेवढ्यात नव्या मुलींचे फोन ठेवलेल्या टोपलीतला एक फोन किंचाळायला लागला. पडद्यावर होतं: रक्तातली साखर ५४, पुढे खाली वळलेला बाण. ती बघते तोवर ५१ झाले. कव्हरवर बेडकाचं चित्र, नाव कुठंच नाही. कोरिनच्या मावसभावाला मधुमेह होता. साखर जिवावर बेतेल इतकी उतरत होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं फ्रिजमधला संत्र्याच्या रसाचा डबा उचलला आणि जिना उतरता उतरताच ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"हा बेडकाचा फोन कुणाचा?"

कुणी हूं की चूं केलं नाही.

"मौन संपलं! खरंच संपलं! कुणाला मधुमेह आहे का?"

दोघीजणी गालात हसल्या. एकदा फसल्या होत्या, आता फसणार नव्हत्या.

"अगं, जीव जाईल एखादीचा!" कोरिनचा आवाज चिरकला. एका मुलीनं हसू दाबायला ओठ चावला. तिला वाटलं असेल, ही तर ग्रीअरपेक्षा बरी नाटकं करते.

कोरिन एकेकीचा चेहरा निरखत पुढे सरकली. शेवटच्या रांगेत जून नावाची मुलगी बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, हातातली पेन्सिल वहीवर फिरतेय, पण अक्षर एक नाही, नुसत्या रेघोट्या.

"जून, तुझा का गं फोन?"

जून गोड हसली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. कोरिननं डब्याची नळी तिच्या तोंडाशी नेली, तर तिनं दात घट्ट मिटून मान फिरवली.

"तिचाच आहे!" शेजारून मारिसोल रडत ओरडली. "जून, पी गं, पी! पिझ्झा आला म्हटल्यावर तिनं इन्सुलिन घेतलं, कमरेच्या पंपातून. मी बघितलं. आणि पोटात तर काहीच गेलं नाही. मग मघाशी मला खुणा करत होती, फोन हवाय, फोन हवाय म्हणून. मी नको म्हणून मान हलवली. पुन्हा माझ्यामुळं सगळ्यांचं..."

मारिसोलनं हनुवटी धरली, तेव्हा कुठं जूननं दोन घोट घेतले.

ॲम्ब्युलन्सवाला टक्कल पडलेला, शांत माणूस होता. त्यानं गुडघे टेकून जूनच्या बोटाला सुई टोचली, गालाच्या आत साखरेची पेस्ट चोळली. पाचसात मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं डोळे बारीक करून कोरिनला ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा:

"मी बोलले तर नाही ना? माझ्यामुळं परत पहिल्यापासून नाही ना झालं?"

"पहिल्यापासून काय?" त्या माणसानं मान वर केली.

ग्रीअर केव्हाच खाली आली होती. तिनं कोरिनचं कोपर दाबलं. "काही नाही हो, अभ्यासाचा खेळ. यांनी आपखुशीनं घेतलेला."

खरं बोलावं तर मंडळाला आजच टाळं लागणार होतं. कोरिननं तळघरावर नजर फिरवली. जून आणि मारिसोल सोडल्या तर उरलेल्या नऊजणी अजून आपापल्या जागी बसल्या होत्या. खोलीत ॲम्ब्युलन्सची माणसं वावरत होती, तरी एकही उठली नव्हती, एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. सगळ्या कोरिनकडे बघत होत्या, तिची परवानगी मिळते का म्हणून.

"रॅगिंग होतं," ती म्हणाली. "मी करत होते."