सुट्टीतले तेवीस आकडे

विज्ञान मंडळाच्या बाई थकल्या होत्या. कशा, तर एकदा खुर्चीत बसल्यावर पुन्हा उठायचं या कल्पनेनंच पायांत गोळे यावेत, अशा. दिवसाला सहा तास, वर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, वर दर शनिवारी अकरा वाजता मंडळाची सभा, आणि हे सगळं सतरा वर्षं. "बाई, द्या आता मंडळ कुणा तरुण माणसाच्या गळ्यात बांधून," असं स्टाफरूममध्ये सगळेच म्हणत. पण म्हणणाऱ्यांपैकी स्वतःचा गळा कोणी पुढे करत नसे.

त्यात हेडसरांनी दुष्काळात तेरावा महिना आणला. "प्रयोगशाळेमागची ती खोली परीक्षा विभागाला हवी आहे," ते म्हणाले. "आठ पोरांसाठी अख्खी खोली अडवायची म्हणजे तुम्हीच सांगा! यंदा प्रदर्शनात पहिल्या फेरीच्या पुढे गेलात तर ठेवा खोली. नाहीतर सामान काढा. अर्ज शनिवारी एकपर्यंत माझ्या टेबलावर." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय, वेळ ठरवून द्यायला कितीसा वेळ लागतो!

खोली म्हणजे तरी काय होतं? गळका नळ, त्याला बांधलेलं फडकं, बारा स्टुलं, त्यांतली तीन डुगडुगती, आणि एक काचेचं कपाट. पण त्या कपाटात ती वही होती.

शाळेच्या मागच्या अंगणात चार पायांवर उभी असलेली, फटीफटींची पांढरी लाकडी पेटी होती. आत तापमापक. रोज दुपारी बारा वाजता ज्याची पाळी असेल त्यानं पेटी उघडायची, पारा बघायचा आणि खोलीत येऊन आकडा वहीत लिहायचा. सुट्टी असो, पाऊस असो, परीक्षा असो. नियम दोनच. न पाहता आकडा लिहायचा नाही. दिवस चुकला तर तिथे आडवी रेघ ओढायची, रेघेची लाज नाही. आणि न पाहता जो लिहील, त्याचं नाव यादीतून कटाप. हे नियम बाईंनीच केले होते. पण गंमत बघा, सतरा वर्षांत वहीत एकही रेघ नव्हती. बाई तोंडानं कधी बढाई मारत नसत. फक्त कोणी पाहुणा आला की कपाट आपसूक उघडं असायचं.

यंदाचा प्रकल्प त्याच वहीवर होता आणि तो करत होती नववीतली मोजपट्टी. उंच, सडसडीत, आणि समोसा खाताना त्याचेही कोन मोजेल अशी पोरगी, म्हणून हे नाव. तिनं सतरा वर्षांच्या दुपारच्या तापमानाचे आलेख भल्यामोठ्या कागदावर काढले होते आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'एकही दिवस न चुकता'.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मोजपट्टी वही पोटाशी धरून आली. चेहरा पडलेला.

"बाई, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतले तेवीस दिवस खोटे आहेत."

बाईंच्या हातातली लाल पेन्सिल थांबली. "खोटे म्हणजे?"

"हे बघा ना. सदतीस, साडेसदतीस, अडतीस, साडेसदतीस. इतकं शहाण्यासारखं वागणारं ऊन मी तरी नाही पाहिलं. आणि हा दिवस बघा. या दिवशी भर दुपारी गारा पडल्या होत्या! सायकलींच्या शेडचे पत्रे उडाले होते, मी स्वतः गारा वेचल्यात. आणि वहीत काय आहे? अडतीस!"

"कोणी लिहिलं असेल?" बाईंनी विचारलं. विचारलं खरं, पण स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"अक्षरावरून कळत नाही, तुम्ही सगळ्यांना एकाच वळणाचे आकडे शिकवलेत. पण पाळीच्या तक्त्यात सुट्टी भोपूच्या नावावर आहे. शाळेच्या भिंतीमागेच राहते ना ती. आणि बाई, तिला याच कारणावरून काढलं होतं की आपण! खोड जुनीच म्हणायची. उद्या सभेत सांगते सगळ्यांना. तेवढे दिवस तिच्या नावावर टाकले की परीक्षकांनी विचारलं तरी आपली मान खाली जायला नको."

"उद्या बघू," बाई म्हणाल्या.

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. कारण ते तेवीस आकडे बाईंचे होते.

सुट्टी लागली त्या दिवशी बाईंच्या भावाचा फोन आला होता, आईला दवाखान्यात ठेवलंय, लगेच निघ. वर्षाची सरासरी काढायला घेतलेली वही पिशवीत होती, ती पिशवीतच राहिली. बाई दोनशे किलोमीटर लांब दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी बारा वाजले आणि सवयीनं वही उघडली. रेघ ओढायला पेन टेकवलं, आणि हात वळेना. सोळा वर्षं, आणि आता रेघ? आत आई श्वास मोजत होती. बाहेर बाईंनी खिडकीतून ऊन पाहिलं आणि लिहिलं, सदतीस. मग रोजच लिहिलं. चोविसाव्या दिवशी शाळा उघडली तेव्हा त्या परतल्या, डोळे सुजलेले, आई गेलेली, आणि वही कशी लख्ख भरलेली. त्यांना तेव्हा बरं वाटलं होतं. याच गोष्टीची त्यांना आता सर्वांत जास्त लाज वाटत होती.

आणि भोपू? तिचा आवाज एवढा मोठा की पेटीपाशी उभी राहून ओरडली तरी आकडा खोलीत ऐकू येई. शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत तिनं पेटीपाशी न जाताच एकतीस लिहिलं. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि सभेत सगळ्यांदेखत तिचं नाव खोडलं. वर खरेपणावर दहा मिनिटं बोलल्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पोरगी एक शब्द बोलली नाही. भोपू, आणि गप्प!

गप्प बसणं किती सोपं होतं. खोली राहिली असती, वही राहिली असती, पुढच्या वर्षी निवृत्तीच्या भाषणात कोणीतरी 'एकही दिवस न चुकता' म्हटलं असतं. बाई घरी गेल्या, भात टाकला आणि न जेवताच झाकून ठेवला.

शनिवारी अकराला आठ जण स्टुलांवर बसले. नववं स्टूल बाईंनी स्वतः ओढून ठेवलं आणि भोपूला वर्गातून बोलावून आणलं. ती दारातच उभी राहिली. मोजपट्टीनं वही उघडली, तसा बाईंनी तिच्यापुढे हात केला.

"मी सांगते. सुट्टीतले तेवीस आकडे माझे आहेत. मी इथे नव्हते. दवाखान्यात बसून मनानंच लिहिले. रेघ ओढायला हवी होती, ओढवली नाही. भोपूचा यात काही संबंध नाही."

बाईंनी पट्टी घेतली आणि तेवीस आकड्यांवर तेवीस रेघा ओढल्या. मग यादीचं पान काढलं, सगळ्यांत वरचं आपलं नाव खोडलं. रेघ सरळ आली.

"बाई, मग प्रकल्प?" मोजपट्टीचे डोळे भरले होते.

"शीर्षक बदल. 'तेवीस दिवस चुकून' असं लिही आणि एकच्या आत दे. खोली जायची असेल तर जाईल." मग त्या दाराकडे वळल्या. "सुट्टीत तू आली नाहीस, ते एक बरं झालं गं. निदान तुझ्यापर्यंत तरी हे आलं नाही."

"आले होते की," भोपू म्हणाली. आज तिचा आवाज कसाबसा स्टुलांपर्यंत पोचत होता. "रोज आले. खोलीची किल्ली शिपाईकाका द्यायचे. पण कपाटात वही नव्हती, म्हणून हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. गारांच्या दिवशी बावीस होतं. शाळा उघडल्यावर उतरवून घ्यायला आले, तर सगळं आधीच भरलेलं. वही तुमच्या पिशवीतून निघाली होती. मग फाडून टाकलं ते पान."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुमची आई गेली होती." ती दाराची चौकट बोटांनी घासत राहिली. "आणि बाई, ते एकतीस मी न बघता लिहिलं ना, ते आळसानं नाही. मला वाटलं, असं चालतं."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते पोरांसमोर येऊ दिलं, पुसलंही नाही.

बारा वाजत आले. मोजपट्टीनं नाक ओढलं, यादीत भोपूचं नाव पुन्हा लिहिलं आणि तिला म्हणाली, "जा, बघून ये." बाई सवयीनं वहीकडे हात नेऊ लागल्या, तशी मोजपट्टीनं वही हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"बाई, तुम्ही नाही. तुमचं नाव नाहीये यादीत."

"हो गं," बाई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवला.

मागच्या अंगणातून आवाज आला, "साडेएकोणतीस!" एवढा मोठा, की वरच्या मजल्यावर हेडसरांनी खिडकी उघडली.