कोंडवाड्याचा अडसर

बोस्टनच्या बाजूच्या थॉर्नवेल या इंग्रज वसाहतीच्या गावात दर मार्चला गावसभा भरायची आणि गावची कामं वाटली जायची. कुणी पंच व्हायचा, कुणी कॉन्स्टेबल, कुणी रस्त्यांवर देखरेख करायचा, कुणी कुंपणं तपासायचा. प्रार्थनेत डुलक्या घेणाऱ्यांना काठीनं ढोसायलासुद्धा एक माणूस नेमलेला असे. एकच काम असं होतं, की ते कुणाच्या वाट्याला आलं की सभाघर हसून दणाणायचं. ते म्हणजे डुकरांची राखण. मोकाट डुकरांच्या नाकात कडी आणि गळ्यात लोढणं आहे ना ते बघायचं आणि नसलं तर त्यांना हाकून कोंडवाड्यात घालायचं. रिवाज असा, की ज्याचं नुकतंच लग्न झालंय त्याच्याच माथी हे काम मारायचं.

त्या वर्षी ते जेबेझ विकमच्या माथी आलं. जेबेझ विणकर. उंच, किडकिडीत, मागावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला. बोलायची वेळ आली की आधी घसा खाकरायचा.

"घरातली सांभाळता आली की बाहेरची आपोआप येतील, जेबेझ!" मागून कुणीतरी ओरडलं.

शपथेसाठी बायबल पुढं धरलं ते कॅप्टन इस्रायल स्टॅनक्लिफनं. पंचांमध्ये तोच मोठा. गावची पाणचक्की त्याची आणि गावची बंदूकवाली तुकडीही त्याच्याच हुकमात. तोही हसत होता. जेबेझनं हात ठेवला, शपथ घेतली आणि कानापर्यंत लाल होऊन घरी आला.

बायकोनं, हेपझिबानं, सगळं ऐकून घेतलं. "त्यांना विचारायचं होतंस की," ती म्हणाली, "घरात कोण कुणाला सांभाळतं ते तरी माहीत आहे का?"

वसंत तसाच गेला. जेबेझ कामातून उठून गावभर फिरायचा, लोक दारातून चेष्टा करायचे आणि आपापल्या डुकरांच्या नाकात कड्या घालूनही घ्यायचे. कॅप्टनची नऊ डुकरं मात्र तशीच हिंडत. ना कडी, ना लोढणं. एकदा जेबेझनं चक्कीवर जाऊन विषय काढला.

"घाल की कडी," कॅप्टन पिठाचे हात झटकत म्हणाला. "माझा मोठा डुक्कर बघितलायस ना? त्यानं तुझं बोट चावलं तर विणशील कशानं?"

चक्कीवरची माणसं हसली. जेबेझही हसला आणि परत आला. तुकडीच्या अंगरख्यांचं कापड त्याच्याच मागावर होतं आणि ते कॅप्टननं सांगितलेलं होतं. शिवाय दळण कुठं न्यायचं? दुसरी चक्की दिवसभराच्या वाटेवर.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी माग थांबवून तो सूत जोडत होता, तेवढ्यात दारात सावली पडली. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली वीकामू उभी होती. ती माणसं इथली मूळची. गावाची पहिली झोपडी उभी राहिली तेव्हा त्यांचं मक्याचं रान तिथं होतंच. वीकामू साठीच्या आसपासची, रुंद चेहऱ्याची, आणि त्या रानाची धनीण. तिच्यामागं तिचा भाऊ मेटाकस हाताची घडी घालून उभा होता. वीकामूनं कमरेची टोपली उंबऱ्यावर उपडी केली. चावलेली, चिखलात तुडवलेली, दुधात आलेली कणसं घरंगळत मागापर्यंत आली.

"तुमच्या गावात डुकरांचा माणूस कोण, असं मी विचारत आले," ती म्हणाली. तिला इंग्रजी चांगलं यायचं. "ज्याला विचारलं तो हसला. हसून सगळ्यांनी हेच घर दाखवलं. तूच का तो?"

जेबेझनं घसा खाकरला. "मीच."

"मग चल. बघ."

"आणि आजच बघ," मेटाकस म्हणाला. "पोरं धनुष्यं घेऊन बसलीयत. कालपर्यंत हिचं ऐकलं. उद्याचं मी सांगत नाही."

हेपझिबा चुलीपाशी उभी होती. तिनं त्याची टोपी आणून हातात दिली आणि स्वतःची शाल घेतली.

"तू कुठं?"

"नऊ डुकरं एकटा हाकणार आहेस? चल मुकाट्यानं."

जेबेझनं रानात पाऊल टाकलं. मका आडवा झाला होता. त्याला चढवलेले घेवड्याचे वेल मुळासकट ओढलेले होते, भोपळे फोडलेले होते. धान्याच्या पेवाचं तोंड उकरून डुकरं आत शिरली होती. हिवाळ्याला पुरायचं ते सगळं चिखलात गेलं होतं. मधोमध तीच डुकरं मजेत नाकं खुपसत होती. उजव्या कानाला दुहेरी चीर. कॅप्टनची खूण.

रानाच्या कडेला पाच-सहा तरुण पोरं उकिडवी बसली होती. त्यांनी जेबेझकडं बघितलं आणि मग त्याच्या डोक्यावरून पलीकडं बघितलं, जणू तो नव्हताच.

"ही आली कुठून? मधे कुंपण आहे ना," जेबेझ म्हणाला.

वीकामूनं बोट दाखवलं. ओढ्यालगतचं कुंपण गावानंच बांधून द्यायचं ठरलं होतं आणि ते बांधलंही होतं. आता त्याला मोठं खिंडार पडलं होतं. जेबेझ जवळ गेला. डुकरांनी पाडलेलं कुंपण त्यानं उन्हाळाभर पाहिलं होतं. दांड्या मोडतात, माती उकरली जाते. इथं एकही दांडी मोडली नव्हती. सगळ्या काढून गवतात एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या.

तो त्या दांड्यांकडं बघत राहिला. हेपझिबा मागून आली, तिनंही बघितलं.

"हे कुणीतरी मुद्दाम काढलंय," ती हळूच म्हणाली.

"पोरांनी एक जरी डुक्कर मारलं असतं," जेबेझ म्हणाला, "तर आज कॅप्टननं ढोल वाजवून तुकडी गोळा केली असती."

ओढ्यापलीकडची ही काळी जमीन कॅप्टनला हवी होती. गावसभेत त्यानं दोनदा बोलून दाखवलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. जेबेझनंही ऐकलं होतं आणि मग घरी जाऊन माग चालवला होता. 

डुकरं हाकणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. एक पुढं गेलं की दोन मागं पळायची. वीकामू टोपलीतून दाणे टाकत पुढं चालली, वस्तीतल्या दोन बायका दोन्ही बाजूंना फांद्या घेऊन, मागं जेबेझ आणि हेपझिबा. मोठा डुक्कर ओढ्यातच बसकण मारून बसला, तेव्हा हेपझिबानं शाल त्याच्या तोंडावर टाकून शेपटीला असा हिसका दिला, की तो किंचाळत काठावर आला. वस्तीतल्या बायका खदखदून हसल्या. ती वरात गावच्या रस्त्यात शिरली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. लोहाराचा घण थांबला. बायका दारात आल्या आणि पोरांना आत ओढू लागल्या.

कोंडवाडा सभाघराच्या मागं होता. दगडी भिंत, जाड फळ्यांचं दार, बाहेरून ओकचा अडसर. तो सांभाळायला म्हातारा अबायजा पर्ल. त्यानं कान बघितले आणि त्याचा चेहरा उतरला.

"जेबेझ, लेका, ही कॅप्टनची आहेत."

"मला दिसतंय, म्हातारबा."

"माझं दळण त्याच्याकडं असतं. माझ्या थोरल्याला त्यानंच चक्कीवर ठेवलंय."

"तुम्ही दार उघडा. कोंडतो मी. नाव माझं सांगा."

अबायजानं दार उघडलं. डुकरं आत गेली. अडसर पडला तसा तो बाजूच्या धोंड्यावर जाऊन बसला आणि जमिनीकडं बघू लागला.

कॅप्टनला यायला वेळ लागला नाही. तुकडीतले चौघं बरोबर होते, बंदुका खांद्यावर. त्यात हेपझिबाचा भाऊ रूबेन होता. ओढ्यापलीकडं झाडांच्या रांगेत मेटाकस आणि त्याची पोरं उभी होती; गावातून ती स्पष्ट दिसत होती आणि त्यांनाही इथलं सगळं दिसत होतं.

"उघड," कॅप्टन म्हणाला. आवाज चढवला नाही.

"दंड आणि नुकसानीचा मका ठरल्यावर उघडतो, कॅप्टन."

"कुणाला द्यायचा मका?"

"हिला." जेबेझनं वीकामूकडं बघितलं. ती दाराशेजारी भिंतीला टेकून उभी होती.

कॅप्टन हसला. "अरे विणकऱ्या, तुला गंमत म्हणून नेमलं होतं. ते तू खरंच धरून बसलास?"

"बायबल तुम्हीच पुढं केलं होतंत. त्यावर हात ठेवताना मला काही गंमत वाटली नाही."

मागं जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. कॅप्टननं ती ऐकली. मग तो लोकांकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "कुंपण मोडायचं पलीकडच्यांनी आणि डुकरं कोंडायची आमची! उद्या आपली गुरं नेतील. परवा घरं जाळतील."

"आम्ही मोडलं नाही," वीकामू म्हणाली. ती जागची हलली नाही. "तुझी डुकरं आमच्या रानात किती दिवस होती. आमच्याकडं बाण नाहीत असं वाटलं का तुला? तू रोज वाट बघितलीस. आम्ही मारली नाहीत. म्हणून तुला राग आलाय."

 आत डुकरं भिंतीला अंग घासत होती तेवढाच आवाज.

"कुंपणाच्या दांड्या गवतात रचून ठेवल्यात," जेबेझ लोकांना म्हणाला. या वेळी घसा खाकरायचं राहून गेलं. "ज्याला बघायचंय त्यानं आत्ता जाऊन बघा. डुकरं दांड्या रचत नाहीत."

"रूबेन," कॅप्टन म्हणाला, "फोड ते दार."

रूबेनच्या कमरेला कुऱ्हाड होती. त्यानं ती काढली. हेपझिबा नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ये की," ती भावाला म्हणाली. "आईला संध्याकाळी काय सांगायचं तेवढं ठरवून ये."

रूबेन तिच्याकडं बघत राहिला.  "कॅप्टन, कोंडवाडा फोडणं गुन्हा आहे," तो पुटपुटला आणि त्यानं कुऱ्हाड खाली केली.

कॅप्टननं ती त्याच्या हातातून हिसकली. दोन पावलांत तो दाराशी आला. तो खरंच मारेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, जेबेझलाही नाही. जेबेझनं डावा हात अडसरावर दाबून धरला आणि उजव्या हातानं हेपझिबाला बाजूला ढकललं. कुऱ्हाड खाली आली.

लाकडावर घाव बसावा तसाच आवाज झाला. जेबेझला आधी काही कळलंच नाही. मग अडसरावरून रक्ताची धार लागली आणि त्याला दिसलं, की करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आता त्याचं राहिलेलं नाही. तो ओरडला नाही. उरलेल्या बोटांचा तोच हात त्यानं पुन्हा अडसरावर ठेवला.

कॅप्टन मागं सरकला. "त्यानंच मधे घातला हात," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं. त्यानंच घातला."

पलीकडं झाडांतून एक पोरगा धनुष्य उचलून पुढं झाला. मेटाकसनं त्याचा दंड धरला. वीकामूनं ओढ्याच्या दिशेनं दोन्ही हात उंच केले आणि ते तसेच धरून ठेवले. हेपझिबा शालीनं नवऱ्याचा हात गच्च आवळत होती आणि दातओठ खात त्याला शिव्या देत होती.

तेव्हा म्हातारा अबायजा धोंड्यावरून उठला. हळूहळू चालत आला आणि दाराला पाठ लावून खाली बसला. लोहार आला, त्याच्या शेजारी बसला. मग कुंपणं तपासणारा, मग कॉन्स्टेबल, खाली मान घालून. रूबेन सगळ्यांत शेवटी आला. त्यानं बंदूक जमिनीवर ठेवली आणि बहिणीच्या पायापाशी बसला. कॅप्टन थोडा वेळ तिथं उभा होता. मग कुऱ्हाड टाकून चक्कीकडं निघून गेला. त्याच्यामागं कुणी गेलं नाही.

ऑक्टोबरात बोस्टनहून न्यायाधीश आले. कॅप्टनला दंड झाला, तुकडीचा हुकूम काढून घेतला आणि मका वस्तीला पोचता करायची सक्ती झाली. गाड्या पलीकडं गेल्या तेव्हा जेबेझ बरोबर होता. वीकामूनं मूठभर दाणे तळहातावर घेऊन वास घेतला आणि मान हलवली. मेटाकस त्याच्याशी बोलला नाही. "त्याला वाटतं, पुढच्या वर्षी दुसरी डुकरं येतील," वीकामू म्हणाली.  जेबेझलाही तसंच वाटत होतं.

मागावर आडवं सूत नेणारा धोटा आता हेपझिबा टाकू लागली. जेबेझ सूत लावून द्यायचा. कापड पहिल्यासारखं एकसारखं येत नव्हतं, पण गिऱ्हाईक तुटलं नाही.

थंडी पडली तशी घरातलं पीठ संपलं. दोन दिवस त्यांनी उकडलेले दाणे खाल्ले. तिसऱ्या दिवशी जेबेझनं पोतं खांद्यावर टाकलं.

"मी जाते," हेपझिबा म्हणाली.

"नको. एकदा जायलाच हवं."

चक्कीत कॅप्टन एकटाच होता. अबायजाचा थोरला काम सोडून गेला होता. कॅप्टननं जेबेझकडं बघितलं, मग त्याच्या डाव्या हाताकडं आणि लगेच नजर चक्कीच्या दगडावर नेली. जेबेझ दारात उभा राहिला. मागं पाण्याचा आवाज येत होता. पोतं खाली ठेवावं की परत फिरावं, त्याला कळेना.

"किती आहे?" कॅप्टननं विचारलं.

"घरापुरतं."

कॅप्टननं पोतं ओढून घेतलं. दळण झालं. दळल्याबद्दल नेहमीचा चक्कीचा वाटा काढायला त्यानं माप हातात घेतलं, क्षणभर धरलं, मग वाटा काढला. ना कमी, ना जास्त. पोत्याचं तोंड स्वतः बांधलं, कारण ते एका धड हातानं बांधता आलं नसतं. जेबेझनं बांधू दिलं.

संध्याकाळी हेपझिबानं त्या पिठाच्या भाकऱ्या भाजल्या. पीठ जाडंभरडं आलं होतं, दाताखाली कचकच लागत होती.

"मुद्दाम केलं असेल का रे?" तिनं विचारलं.

जेबेझनं घास चावून गिळला.

"माहीत नाही," तो म्हणाला आणि त्यानं दुसरी भाकरी घेतली.