प्रत्येकी एक

डिंकाचा डाग मधाच्या रंगाचा झाला होता आणि त्याच्या मधोमध ते फूल – फूल कसलं, पाच पाकळ्यांची तपकिरी सावलीच – अजून कागदाला धरून होतं. मीनाबाईंनी धूळ बोटानेच टिपली, फुंकर मारली नाही. तीस वर्षांपूर्वी ते पांढरं होतं, आणि समुद्रालगतच्या कातळावर इतकं दाट, की सहलीच्या एसटीतून उतरताच पोरी ओरडल्या होत्या – बाई, दही सांडलंय!

सकाळी रूपालीचा फोन आला होता. चौथीतली रूपाली; आता कोकणात कॉलेजवर वनस्पतिशास्त्र शिकवते.

"बाई, यंदा सतराच रोपं सापडली. कातळ फोडून प्लॉट पाडायचं चाललंय. सोमवारी सुनावणी हाय, आणि प्लॉटवाले म्हणतात, असलं फूल इथं कधी नव्हतंच. माझी चिकटवही तुमच्याकडंच हाय न्हवं? त्या पानाचा फोटो पाठवा की."

वही ट्रंकेत होती. असणारच, मुलांची वही त्यांनी कधी रद्दीत घातली नव्हती. त्या खुशीतच त्यांनी पान उघडलं. गावाचं नाव, तारीख, आणि खाली रूपालीचं गोल अक्षर : 'बाईंनी प्रत्येकीला एकच फूल मुळासकट घ्यायला सांगितले. आम्ही बेचाळीस जणींनी तसेच घेतले.' त्याखाली लाल शाईत – छान! दहापैकी दहा.

एकच. त्या नियमाचा केवढा अभिमान होता... दोन घेणारीला कान धरून उभं केलं होतं. अकरा वर्षं सहल तिथेच, अकरा गुणिले बेचाळीस – आणि गणित अर्धं सोडलं तर पोरींना घरी न सोडणाऱ्या बाईंनी ते गणित तिथेच सोडलं. एवढ्याने का कातळ उजाड होतो? तो यंत्रांनी होतो, रस्त्यांनी होतो... गृहपाठ न केलेल्या पोरीसारखं मन कारणं सांगत होतं. पण सांगितलं मीच. आणि त्यांनी ऐकलं, शहाण्या पोरींसारखं.

"खालची ओळ झाकली तरी चालंल बाई," रूपाली फोन ठेवताना म्हणाली होती. किती हळू म्हणाली! कच्च्या मुलाला मी सांभाळून घ्यायचे, तशी.

दुपारी गल्लीतली अनुजा पाढे म्हणायला आली. बाहेर तालमीसमोर पोरं फुटबॉलवरून भांडत होती. बाईंनी वही खिडकीच्या उजेडात धरली, अनुजाने मोबाइल.

"बाई, अंगठा मधी येतोय. काढा की!"

अंगठा बरोबर त्या ओळीवर होता. तो तिथे कधी गेला, हे बाईंनाच कळलं नाही. त्यांनी तो उचलला.

अनुजाने ओळ मोठ्याने वाचली. "मुळासकट? तुम्ही सांगितलं व्हतं?"

"व्हय."

"आणि वर दहा मार्क!"

बाईंना हसू आलं, खरंखुरं, पोटातून. फोटो गेला. सोमवारी कुणी तो बघेल, न बघेल... पण विचारण्याआधीच उभी राहून 'बाई, मी गृहपाठ केला नाही' म्हणणाऱ्या पोरीला कसं हलकं वाटत असेल, ते एवढ्या वर्षांत त्यांना आज कळत होतं. अनुजा सतराचा पाढा म्हणू लागली. बाई ऐकत होत्या, आणि मनाने कातळावर उभ्या होत्या, वाऱ्यात, पुढ्यात ती पांढरी सतरा – आणि त्यांच्या हातांची आपोआप घडी झाली होती.