घामाचा कोट

मी घामाचा कोट बोलतोय. लाँड्रीच्या मागच्या दारापाशी, पाण्याच्या पंपावर पांघरलेलं काळं, चकचकीत लक्तर दिसतंय ना? तोच मी. पुढून गळ्यापासून खालपर्यंत कात्रीनं कापलेला आणि पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलेला. माझी कीव करत बसू नका. तुमची कीव मी इतकी वर्षं करतोय की ती आपल्या दोघांना पुरेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांच्या डोक्यावर पंखे गरगरत होते, अंगात सैल सुती कपडे होते, आणि हाताखाली मी होतो. माझं कापड बाहेरून गुळगुळीत आणि आतून रबरी. त्यातून वाऱ्याची झुळूक आत येत नाही की घामाची वाफ बाहेर जात नाही. शिवणाऱ्यांपैकी एकानंही मला कधी स्वतःच्या अंगात घालून पाहिलं नाही. एवढी शहाणी माणसं मला पुढे फारशी भेटली नाहीत.

माझ्या गळ्याशी एक चिठ्ठी लावली होती, ‘घाम गाळा, चरबी घालवा’. ही चिठ्ठी वाचून मला विकत घेणाऱ्यांना मी काय म्हणू? घाम म्हणजे पाणी. माझ्यात घुसून धावलं की पाणी जातं, काट्यावर वजन कमी दिसतं, माणूस आरशापुढे मिशीला पीळ देतो. मग तहान लागते, दोन तांबे पोटात जातात आणि वजन निमूट जागेवर येतं. तरी दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तोच काटा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

माझा पहिला मालक व्यायामशाळेतला मास्तर. तो मला येणाऱ्या-जाणाऱ्या पोटवाल्यांच्या अंगात घालायचा आणि स्वतः बनियनवर खिडकीत वारा खात बसायचा. माझा वास त्यालाच असह्य झाला तेव्हा त्यानं मला लाँड्रीत टाकलं आणि न्यायला आलाच नाही. मग मी तिथल्या बेवारस कपड्यांच्या कपाटात गेलो. एका लग्नाच्या सुटाशेजारी मला जागा मिळाली. त्याचाही मालक फिरकला नव्हता, पण सुटाचा तोरा काही कमी नव्हता.

लाँड्रीच्या मालकाला सगळे कडकराव म्हणत. त्यांनी इस्त्री केलेला शर्ट टेबलावर उभा ठेवला तर उभाच राहायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी एक कपडा जाळला नव्हता, आणि हे ते गिऱ्हाइकानं विचारल्याशिवायच सांगायचे. काउंटरवर त्यांची बायको बसे. कपडे मोजून घेणं, खुणेचे दोरे बांधणं, कापणं हे तिचं काम. आणि नवऱ्याला अधूनमधून पाणी नेऊन देणं, कारण सांगितल्याशिवाय ते प्यायचे नाहीत.

एका सुट्टीच्या दिवशी तिची धाकटी बहीण आणि बहिणीचा नवरा जेवायला आले. हा साडू विमा एजंट, अंगानं काटकुळा आणि तोंडानं फटकळ. जेवण झाल्यावर त्यानं कडकरावांच्या पोटावर हात ठेवला.

‘‘साडूभाऊ, तुम्हाला टेबल कशाला लागतं? शर्ट यावरच पसरा आणि फिरवा इस्त्री.’’

सगळे हसले. बायकोही हसली. कडकराव हसले नाहीत.

‘‘पुढच्या सुट्टीला दुकान बंद झालं की इथून निघायचं, पाण्याच्या टाकीला हात लावायचा आणि परत. तुमच्या आधी आलो नाही तर नाव बदलीन.’’

‘‘दुपारी? उन्हाळ्यात?’’ बायकोनं विचारलं.

‘‘सकाळी गिऱ्हाइकं असतात.’’

अशा रीतीनं, एका थट्टेपायी दोन बापये माणसं भर उन्हात धावायला तयार झाली. माझ्या कपाटातल्या झुरळालाही हे पटलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी कपाट उघडलं आणि कडकरावांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली. चेहरा असा उजळला की मला तिथंच त्यांचा राग आला.

‘‘अहो, हे काय घातलंत? यातून वारा तरी जातो का?’’ बायको म्हणाली.

‘‘वारा जायलाच नकोय. वाफेनं सुरकुती सुटते ना, तशी चरबी सुटणार.’’

‘‘आणि घाम वाळणार कसा? ओला टॉवेल पिशवीत कोंबून ठेवला तर वाळतो का कधी?’’

‘‘टॉवेल वेगळा, माणूस वेगळा. जन्म इस्त्रीपुढे गेलाय माझा. मला उष्णतेचं कौतुक सांगू नकोस.’’

‘‘इस्त्रीपुढे तुम्ही उभे असता, धावत नसता. डोक्यावर पंखा असतो. आणि मी पाणी आणून देते, ते कुठं गेलं?’’

त्यांनी नुसती माझी चेन गळ्यापर्यंत ओढली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. आठवडाभर ते संध्याकाळी गल्लीत धावले. घरी येऊन मला पिळायचे आणि जमिनीवर पडणारं पाणी बायकोला बोलावून दाखवायचे. ‘‘बघ, किती चरबी.’’ ती फडकं आणून पुसायची.

शर्यतीच्या दुपारी रस्ता तापून चिकट झाला होता. साडू सैल पांढरा सुती शर्ट आणि टोपी घालून आला होता. हातात पाण्याची बाटली. हे शहाणपण त्याचं नव्हतं, त्याच्या बायकोनं दारातच अडवून दिलं होतं. कडकरावांपुढेही त्यांच्या बायकोनं बाटली धरली.

‘‘नको. एवढा घाम काढायचा आणि पुन्हा आत भरायचं?’’

‘‘बरं वाटेनासं झालं तर थांबाल ना?’’

‘‘थांबायला निघालोय का?’’

ती घरी गेली नाही. शटर अर्धं ओढून, कपडे भिजवायची टाकी पाण्यानं भरून दुकानातच बसून राहिली.

मी आत होतो, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. पाण्याच्या टाकीपर्यंत कडकराव पुढे होते. घाम पाठीवरून वाहत होता, माझ्या मनगटांत साचत होता, आणि त्यातला थेंबभरही वाळून अंग गार करत नव्हता. परतीच्या वाटेवर त्यांचं डोकं ठणकू लागलं, मळमळलं. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. शहाणा माणूस सावलीत बसला असता. यांनी मागे वळून साडू किती लांब आहे ते पाहिलं.

मग पाय फाकू लागले. एका दिव्याच्या खांबापाशी ते थांबले आणि खांबाला अदबीनं म्हणाले, ‘‘संध्याकाळी या. कॉलर कडक करून ठेवतो.’’

साडू मागून आला. ‘‘नाटकं नकोत, साडूभाऊ. हरलो म्हणा आणि मोकळे व्हा.’’

कडकरावांनी त्याच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. तसेच पुढे गेले आणि दुकानाच्या अलीकडे आडवे झाले.

आता तुमच्या जातीची खरी हुशारी पाहा. लोक जमले. एक म्हणाला, उभं करून चालवा. दुसरा म्हणाला, तोंडात पाणी ओता. साडू माझी चेन ओढत होता आणि ती अडकली होती. उरलेले सगळे गोल करून उभे होते, जेवढा वारा येत होता तेवढाही अडवून.

कडकरावांची बायको दुकानातून धावत आली. ‘‘बाजूला व्हा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओततात का? भावोजी, पाय धरा, आत घ्या. आणि कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा.’’

दुकानातल्या फरशीवर त्यांना निजवलं. तिनं दोरे कापायची कात्री घेतली आणि मला गळ्यापासून खालपर्यंत एका दमात कापलं. आतून झाकण काढल्यासारखी वाफ आली. टाकीतलं पाणी बादलीनं त्यांच्या अंगावर गेलं. मग तिनं काउंटरवरचा गिऱ्हाइकांच्या चादरींचा गठ्ठा उचलला. सकाळीच कडकरावांनी घडीला घडी जुळवून इस्त्री केलेल्या चादरी. तिनं त्या टाकीत बुचकळल्या आणि एकेक त्यांच्या अंगावर टाकली, काढली, पुन्हा भिजवली, पुन्हा टाकली. साडूला मोठा पंखा धरून उभं केलं. तिच्या तोंडून एकच वाक्य येत होतं, ‘‘अहो, ऐकताय ना? अहो.’’

ते ऐकत नव्हते. ॲम्ब्युलन्स आली आणि त्यांना घेऊन गेली. मी फरशीवर ओल्या चादरींत पडून राहिलो. दुकान बरेच दिवस बंद होतं.

पुढचं मला काउंटरवरच्या बोलण्यातून कळलं. थोडा उशीर झाला असता तर ती एकटीच परत आली असती, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मूत्रपिंडांवर ताण आला होता, तो हळूहळू उतरला. कडकराव भिंतीला धरून दुकानात आले तेव्हा पोट खरंच उतरलं होतं. त्याबद्दल कुणी अभिनंदन केलं नाही.

माणसं बरी झाली की शहाणी होतात, असा माझा अनुभव नाही. याचा पुरावा दिला साडूनं. एका संध्याकाळी आला, माझ्याकडे पाहत घुटमळला आणि म्हणाला, ‘‘ताई, हा कोट टाकूनच देणार असाल तर मला द्या. नवी चेन लावून घेतो. माझंही जरा पोट सुटायला लागलंय. मी काही दुपारी घालणार नाही.’’

ऐकलंत? पंखा धरून उभा होता तोच हा. मी हसणारच होतो. ती काही बोलायच्या आत कडकरावांनी मला उचललं, टेबलावर पालथं पसरलं आणि सवयीनं माझी कॉलर सरळ केली. इस्त्री पूर्ण तापू दिली. आणि माझ्या पाठीवर टेकवली.

धूर निघाला. घाण वास सुटला. मी वितळून इस्त्रीला चिकटलो, तरी त्यांनी हात उचलला नाही.

‘‘अहो, इस्त्री गेली,’’ ती म्हणाली.

‘‘जाऊ दे.’’ मग साडूकडे न बघता ते म्हणाले, ‘‘पहाटे येत जा. ऊन वर यायच्या आत परत यायचं. सुती घाला. दम लागला की थांबायचं, मी थांबलो तरी थांबायचं. आणि पाणी आणा.’’

उभ्या आयुष्यात त्यांनी जाळलेला एकच कपडा मी.

आता मी पंपावर असतो. धूळ बसते, पाणी उडतं, मांजर माझ्यावर झोपतं. कुणाला माझा मोह झालाच, तर माझ्या पाठीवरच्या भोकातून एकदा आरपार बघून घ्या आणि मला आहे तिथंच राहू द्या. माझ्यासारखे नवे कोट रोज शिवले जातात, रोज विकले जातात, त्यामुळे तुमच्याविषयीचं माझं मत बदलायचं काही कारण नाही.

फक्त पहाटे पंचाईत होते. दोघं साडू मागच्या दारानं निघतात. धावतात कसले, रखडतात. ती दारात येऊन विचारते, ‘‘पाणी घेतलंत?’’ कडकराव वळत नाहीत, नुसती बाटली वर करून दाखवतात. त्यांना नावं ठेवावीत असं फार वाटतं. जमत नाही.