पिशवीचा वास

पाळणाघराच्या दारात तिला स्पिरिटसारखा उग्र वास आला. पाळणाघर चालवणाऱ्या मावशींचे डोळे लाल, बोलणं जड. आपली दोन वर्षांची लेक दिवसभर या बाईच्या हवाली!

घरी परतताना जिन्यात शेजारीण भेटली. तिची मुलगीही तिथेच जायची.

"मावशींच्या तोंडाला वास येतो गं. तुझ्यापाशीच ठेव हं."

वास तर दारात आला होता. 'तोंडाला' हे कधी जोडलं गेलं, तिचं तिलाच कळलं नाही. आणि शेजारणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. आठवडाभरात बहुतेक पोरं यायची बंद झाली.

रविवारी तिने लेकीची पिशवी धुवायला काढली. आत हाताला लावायच्या सॅनिटायझरच्या बाटलीचं झाकण सैल होतं. दुपटी, फ्रॉक, सगळं त्याच वासाने भरलेलं. बाटली तिनेच ठेवली होती, जंतूंच्या धास्तीने. ही पिशवी रोज पाळणाघराच्या दारामागे टांगलेली असायची. वास दाट असतो तिथून विरळ जागेकडे पसरतो, याला विसरण म्हणतात; कॉलेजात तिने हे आकृतीसकट लिहिलं होतं. दाट कुठे आहे, हे नाक लावून बघायचं मात्र सुचलं नव्हतं.

ती तशीच पाळणाघरात गेली. मावशी गुडघ्यांवर बसून फरशी घासत होत्या.

"ये गं. बघ बरं, अजून येतोय का? सगळ्या म्हणतात येतो. मला मेल्या सर्दीने पंधरा दिवस काही कळतच नाही."



"मावशी, वास आमच्या पिशवीला होता. आणि तुमच्याबद्दल... ते मीच बोलले."

मावशींनी फडकं पिळलं. बराच वेळ पिळत राहिल्या.

"पिशवी काय, उन्हात टाकलीस की झालं," त्या म्हणाल्या. "माझं काय करू?"

ती सरळ शेजारणीच्या दारात गेली, सगळं सांगितलं.

"मग मावशींच्या कपाटातली दारूची बाटली?" शेजारणीने विचारलं.

"कसली बाटली? कुणी पाहिली?"

"सगळ्याच म्हणतात बाई. आणि तेव्हाही तूच सांगितलंस, आता हेही तूच सांगतेस. आम्ही कुठलं खरं धरायचं?"

समोरच्या घरातलं पोरही पाळणाघरात जायचं बंद झालं होतं. तिने तिथली बेल दाबली.